काहील उतरेपर्यंत

थोरल्या जावेनं तोंड उघडलं आणि डॉक्टरीणबाईंच्या बॅटरीच्या उजेडात नुसता काळा चिखल दिसला. दात काळे, हिरड्या काळ्या, गालाची आतली बाजू काळी. बाईंनी लाकडी पट्टीनं गाल ओढून बघितला, बॅटरी वर धरली, खाली धरली. काही दिसेना. त्यांनी थोरलीला बाजूला बसवलं आणि पुढचीला बोलावलं. तिचंही तसंच. तिच्या मागचीचंही तसंच. आमच्या गुऱ्हाळाच्या अंगणात चिपाडाच्या ढिगापर्यंत बायकांची रांग लागली होती, आणि रांगेतल्या एकूणएक बाईनं ताजी मिश्री लावली होती.

समोर खुर्च्यांवर जिल्ह्याच्या आरोग्य समितीचे सभापती आणि त्यांची माणसं बसली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत बायकांची तोंडं तपासून झाली, तर तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी बाजारात कायमची खोली मिळणार होती. नाही झाली, तर विषय बंद. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि उठले. मला म्हणाले, "बाई, ह्यात काय बघायचं? नुसती घाण. चला रे, जीप काढा."

खोलीचं एक जाऊ दे. थोरलीच्या त्या काळ्या चिखलाखाली काहीतरी होतं. मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती माझ्याकडं बघत नव्हती.

हे आज आठवलं ते वासानं. सकाळी परसदार उघडलं आणि गुळाचा वास आला. दिवाळी होऊन गेली, ऊस तुटायला लागला. आता गुऱ्हाळं फार उरली नाहीत. ट्रॉल्या भरभरून ऊस कारखान्याकडं जातो आणि रस्त्यावर सांडलेली कांडी पोरं उचलतसुद्धा नाहीत. पण ओढ्यापलीकडं एक गुऱ्हाळ अजून पेटतं. त्याचा धूर इकडं वळला की मला स्वस्थ बसवत नाही. सून म्हणते, "आत्ती, गारठा हाय, आत बसा की." मी बसत नाही. आयुष्यात पुष्कळ हंगाम आले आणि गेले, लग्नाचे, बाळंतपणाचे, आजारपणाचे. पण मी सगळ्यात जास्त जिवंत कुठल्या हंगामात होते असं कुणी विचारलं, तर मी तोच सांगेन. गाव, उसाचा फड, बाजार, कचेरी असं सगळीकडं पायाला भिंगरी लावून फिरत होते, आणि रोज सकाळी उठल्यावर वाटायचं, आज काहीतरी होणार.

मिश्री म्हणजे काय, हे आता घरच्या पोरींना सांगावं लागतं, ही एक बरी गोष्ट झाली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरायची. मग बोटानं दातांना लावायची. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, धुणं आपटून झाल्यावर, भांडण झाल्यावर. भाजताना असा ठसका उठायचा की पलीकडच्या गल्लीतलं माणूस खोकायचं. आमच्यात पोरीच्या हातात पाटी उशिरा यायची, डबी आधी. आणि चार माणसांत जायचं असलं की केसांना तेल, कपाळाला कुंकू आणि दातांना मिश्री, एवढं केल्याशिवाय बाई उंबरा ओलांडायची नाही. डबी मीही बाळगून होते. माहेराहून येताना ट्रंकेत घालून आणली होती.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. माझा धाकटा रांगत होता आणि गुऱ्हाळाचा चरक डिझेलच्या इंजिनावर धडधडायचा. कोल्हापुरातून एक डॉक्टरीणबाई आमच्या भागात यायच्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, पायात साध्या चपला. एक दिवस शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून त्या एकट्याच बसलेल्या मला दिसल्या. दुपारी परत आले तरी तशाच.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"बायकांची. तोंडं तपासायची आहेत."

"बायका शाळंत कशाला येतील? शाळंनं त्यांना कवा बोलवलंय?"

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बसा." मी बसले. आमच्या बायका सासऱ्यासमोर जांभईसुद्धा पदराआड देणाऱ्या. पण तिथं बाप्या कुणी नव्हता, म्हणून तोंड उघडलं. बाईंनी आत आरसा घालून मला माझाच गाल दाखवला. आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता, कढलेल्या दुधावरच्या सायीसारखा.

"ह्यातून पुढं कधीकधी कॅन्सर होतो," त्या म्हणाल्या. "मिश्री सोडली तर हा चट्टा बहुतेक जाईल."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे मला नक्की ठाऊक नाही. तेच शोधतेय. ज्या सोडतील त्यांचं काय होतं, ज्या सोडणार नाहीत त्यांचं काय होतं, हे पुष्कळ वर्षं बघत राहायचं आहे."

मला ते एकदम आवडलं. डॉक्टर माणूस 'ठाऊक नाही' म्हणतं हे मी पहिल्यांदा ऐकत होते. घरी जाऊन डबी चुलीत टाकली. पुढचे काही दिवस डोकं असं चढलं की मी नवऱ्यापासून म्हशीपर्यंत सगळ्यांवर ओरडले. पण सोडली ती सोडली.

मग मी बाईंना बायका जमवून द्यायला लागले, आणि ह्या कामात मला जोडीदारीण मिळाली हजराभाभी. ती काकणं भरायची. तिच्या घरात हा धंदा कित्येक पिढ्यांचा. डोक्यावर काकणांची पेटी, जिभेवर सदा काहीतरी चावट. गावातल्या कुठल्याही घराच्या माजघरापर्यंत ती न विचारता जायची. आणि बाईचा हात एकदा तिच्या मुठीत गेला की बाई तिची. बोटं जुळवून, पंजा दाबून ती घट्ट काकण वर सरकवत असली की बाईला हलता येत नाही, उठून जाता येत नाही. नेमकं तेव्हा हजराभाभी म्हणायची, "तोंड उघड बघू."

"आगं बया, काकणाला तोंड कशाला?"

"नवऱ्यापुढं दिवसभर उघडं असतंय, माझ्यापुढं उघडाया लाज वाटती व्हय?"

बाई हसायची, आणि हसताना तोंड उघडतंच. हजराभाभी वाकून बघायची आणि कुठं काही पांढरं, लाल दिसलं की डोळ्यानं मला खुणावायची. मग मी त्या बाईच्या मागं लागायचे. फडात कोयते चालू असायचे, उसाच्या पात्यांनी हात चिरायचे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज धुक्यातून यायचा आणि आम्ही दोघी बांधावरून चाललेल्या असायचो. माझा आवाज मोठा, हे गावाला ठाऊक होतंच. तो कशाला तरी उपयोगी पडतो, हे मला त्या हंगामात कळलं. आमचे मालक म्हणाले, "जा की. घरात बसून तरी माझंच डोकं खातीस."

पण दोघींनी डोकावून काय होणार? डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की पेठ वडगावच्या आठवडी बाजारात एक खोली पाहिजे, तिथं तपासणारं माणूस पाहिजे आणि काही सापडलं तर बाईला पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय पाहिजे. ही सगळी कल्पना मला तोंडपाठ झाली, कारण ती खरी होती. दवाखान्याला जाते म्हटलं तर घरातले विचारतात, तुला काय धाड भरली? बाजाराला जाते म्हटलं तर पिशवी हातात देतात. बाईंनी ते सगळं लिहून कचेरीत दिलं होतं. ते तिथं पडून होतं. मी म्हटलं, "कागूद ऱ्हाऊ दे. मीच जाते."

एसटीनं कोल्हापूर. मी, हजराभाभी आणि बाई. मी लग्नातलं लुगडं नेसले होते आणि हजराभाभीनं दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या काकणांनी भरले होते. ती म्हणाली, "सायबानं बघितलं पायजे, कोण आलंय ते."

सभापतीसाहेब खुर्चीत बसून तळहातावर तंबाखूला चुना लावून मळत होते. धिप्पाड माणूस, बोलायला मोकळा. बाईंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्या बायकांची सवयच घाण. आधी मिश्री सोडा म्हणावं." असं म्हणून त्यांनी मळलेली चिमूट खालच्या ओठात सरकवली.

हजराभाभीनं मला कोपरानं ढोसलं. हसू आवरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोडतील की, सायेब," मी म्हटलं. "पर आदी तोंडं बघाया तर पायजेत."

"बायका येतात कुठं? ह्या डॉक्टरबाई शाळेत बसल्या, कुणी फिरकलं नाही. रिकामी खोली उघडून काय करायचं आम्ही?"

"ऊस तुटाया लागला की आमच्यात बाईला मरायची सुदीक सवड नसती. ती तुमच्या शाळंत कवा यायची? तुमी आमच्या गुऱ्हाळावर या. सगळ्या बायका तितंच असत्यात. किती येत्यात, कशा तपासून घेत्यात, डोळ्यांनी बघा आन मग बोला."

"आणि नाही झालं तर?"

"तर पुन्यांदा ह्या दारात याची न्हाय."

साहेब मोठ्यानं हसले. "बाई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा," म्हणाले. "येतो मी. तपासणी झाली तर ठराव मी स्वतः मांडतो. नाही झाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बाहेर आल्यावर हजराभाभीनं विचारलं, "सुशे, तू सायबाशी भांडलीस का गं?"

"न्हाय. बोलले निसती."

"मग भांडलीस तर काय व्हईल?"

रंकाळ्यावर बसून आम्ही तिघींनी भेळ खाल्ली. डॉक्टरीणबाईंना तिखट सोसेना. नाक पुसत पुसत त्यांनी कागदसुद्धा चाटून पुसला. परतीच्या एसटीत आम्ही इतक्या हसत होतो की कंडक्टर म्हणाला, "मावशी, लॉटरी लागलीया काय?"

तिखटावरून थोरलीचं सांगते. त्याच सुमाराला ती तिखट खायची थांबली होती. कोल्हापूरकडची बाई तिखट खायची थांबली म्हणजे घरातल्यांनी कान टवकारावेत. तांबडा रस्सा केला की ती दुधात भाकरी कुस्करून घ्यायची. "पित्त झालंया," म्हणायची. भाकरीचा कडक पापुद्रा काढून पोरांना द्यायची. जेवताना एकाच बाजूनं चावायची. मिश्री मात्र वाढली होती. लावली की ठणका मरायचा, उतरली की पुन्हा उठायचा, की पुन्हा डबी.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. थोरली माझ्या वाटणीच्या भाकरी थापायची आणि सासूची चाहूल लागली की पीठ माझ्या हाताला फासून स्वतः बाजूला व्हायची. ती कधी गोड बोलली नाही. पण त्या घरात मी टिकले ती तिच्यामुळं.

"आक्का, तोंड दाव," मी रोज म्हणायचे.

"तुझं तोंड बघ जा आदी. गावभर बोंबलत हिंडतीया."

"ठणकतंय का न्हाय, खरं सांग."

"ठणकतंय माझं कपाळ. तुझ्यामुळं."

हजराभाभीकडून तर तिनं काकणं भरून घ्यायचीच बंद केली. तिला ती युक्ती ठाऊक झाली होती. शेवटी मीच एक डाव टाकला. म्हटलं, "गुऱ्हाळावर सगळं गाव येणार. माझीच जाऊ आली न्हाय तर लोक काय म्हणतील?" त्यावर ती म्हणाली, "बसते रांगेत. फुडं बसते. पर तोंडाचं मला इचारू नगंस."

तो दिवस उजाडला. थंडी कडाक्याची, चुलवाणाचा जाळ लाल, चरकातून रसाची धार, वर धुरात मिसळलेली वाफ. बायका आल्या. फडातल्या आल्या, घरातल्या आल्या, शेजारच्या वाडीवरून बैलगाडीत बसून आल्या. मला नाचावंसं वाटत होतं. साहेबांची जीप मात्र येईना. मी आणि हजराभाभी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. इकडं रांगेत बसून बसून बायका करणार काय? तशा घरून दातांना मिश्री लावूनच आल्या होत्या, डॉक्टरसमोर जायचं म्हणून. त्यात वाट बघणं आलं. एकीनं डबी काढली, शेजारणीपुढं केली, शेजारणीनं पुढं दिली. पाहुण्याला पाणी द्यावं तशी मिश्री रांगभर फिरली. आणि सगळ्यात जास्त लावली थोरलीनं, बोटावर बोट. तिनं का लावली ते मी ओळखलं.

तर जीप आली, तपासणी फसली आणि साहेब परत जीपकडं निघाले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. डॉक्टरीणबाई बॅटरी हातात धरून उभ्या होत्या. मला काही सुचत नव्हतं. आणि एकदम सुचलं.

"सायेब, रस न पिता?" मी ओरडले.

आमच्या भागात गुऱ्हाळावरून कुणी कोरड्या तोंडानं जात नाही. वैरी आला तरी त्याला रस द्यायचा. रस कढवायची काहील चुलवाणावरून उतरायला आली असेल तर गरम गूळ खाल्ल्याशिवाय सोडायचं नाही. तसा माणूस गेला तर गूळ बिघडतो, असं गुळवे मानतात. नको म्हणणं म्हणजे गुळव्याचा अपमान, आणि मतं मागायला दारात येणाऱ्या माणसाला गुळव्याचा अपमान करता येत नाही. साहेब थांबले.

गूळ करणारा आमचा दत्तूबा. अंगानं वाळका, डोळा तिखट. त्यानं माझ्याकडं बघितलं, रांगेकडं बघितलं आणि सगळं समजला. "पावणं, असं कसं?" म्हणाला. "रस घ्या. काहील आत्ता उतरंल, गरम गूळ खावा, मग जावा."

"वेळ लागेल का?"

"छ्या! उतरलीच म्हणा."

काहिलीत रस अजून पातळ होता. रस निवळायला घालतात तो भेंडीचा चीक नुकता पडला होता आणि वर मळी धरत होती. गूळ व्हायला कितीतरी अवकाश होता. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या जळव्याला दत्तूबा हळूच म्हणाला, "दमानं रं. लई जाळ नगं."

मी रांगेकडं धावले. चुलवाणाच्या कडेला पाण्याचा हंडा तापलेला होता. बायकांच्या भाकरीच्या गाठोड्यांतून मीठ निघालं. हजराभाभीनं कुंपणावर वाळत घातलेली लुगडी ओढली आणि दोघी-दोघींनी टोकं धरून आडोसा केला.

"चुळा भरा! घासून घासून भरा!"

"इतक्या बाप्यांदेखत थुकायचं व्हय?"

"बाप्यांना दिसतंय कुठं? लुगडं हाय की मदी."

"आगं, सकाळीच भाजलीया, ताजी हाय!"

"तुझ्या ताज्या मिश्रीला आग लाव."

कुणी हलेना. शेवटी रांगेतली सगळ्यात म्हातारी उठली. "सरका. माझं दात दोनच ऱ्हायल्यात, लवकर हुईल," म्हणाली आणि तिनं जी चूळ टाकली तिनं बाकीच्यांची लाज मोडली. मग एकच गलका. खळखळ, थू, हसणं, ठसके. काळं पाणी पाटाच्या दिशेनं निघालं, तसा दत्तूबा काहिलीवरून बोंबलला, "बायांनो, बांधाकडं थुका, बांधाकडं! गुळाला रंग चढंल माझ्या!" कोल्हापूरचा गूळ पिवळाधमक म्हणून खपतो, त्याचं म्हणणं बरोबर होतं. साहेबसुद्धा हसले आणि रसाचा दुसरा पेला घेतला.

लुगड्याआडून चुळा भरून एकेक बाई बाहेर यायची आणि डॉक्टरीणबाईंपुढं बसायची. बॅटरी लागत होती, गुलाबी गाल दिसत होते, पांढरे चट्टे दिसत होते. बाई भराभर सांगत होत्या. "ही सोडा. तुम्ही पुढच्या महिन्यात परत दाखवा. तुमचं छान आहे, पण डबी फेका." काहिलीतल्या रसाचा रंग बदलत चालला होता, फेस दाटत होता. आणि थोरली आपल्या जागी बसून होती.

हजराभाभीनं लुगड्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि तिच्यापुढं जाऊन बसली. तिच्याजवळ पेटी नव्हती. तिनं थोरलीचा हात घेतला, बोटं जुळवली आणि काकण भरताना दाबतात तसा पंजा दाबला.

"मला न्हाय भरायची काकणं."

"भरत न्हाय. निसता धरलाय."

थोरलीनं हात सोडवून घेतला नाही. हळू म्हणाली, "काय निघालं म्हंजे?"

"निघालं तर निघालं. न्हाय बघितलं म्हणून जाणार हाय व्हय ते?"

थोरली उठली. मी धरलेल्या लुगड्याआड आली, मिठाचं पाणी तोंडात घेतलं आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की माझ्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. पण तिनं पाणी थुंकलं नाही. खळखळून फिरवलं, मग टाकलं. पहिली चूळ काळी. दुसरी करडी. तिसऱ्या चुळेत लाल धागा होता.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी जवळ धरून बघितलं. मग मान वर करून हाक मारली, "साहेब, इकडं या."

तोवर काहील उतरली होती. दत्तूबानं साहेबांच्या हातात पळसाच्या पानावर गरम गूळ दिला होता. ते पान घेऊन आले, वाकले आणि थोरलीच्या तोंडात बघितलं. बघत राहिले. जिभेच्या कडेला, खालच्या दाढेजवळ, फुटलेल्या डाळिंबासारखं झालं होतं.

"हे बरं होतं का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता गेलं तर होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "ह्या काळ्याखाली आणखी काही महिने राहिलं असतं, तर नाही."

थोरली तोंड मिटून म्हणाली, "माझ्या तोंडाफुडं माझंच बोलताय व्हय? मला सांगा की."

मग बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. थोरलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऊस तुटून झाल्यावर गेलं तर चालंल?" मी ओरडले, "ऊस घाल खड्ड्यात!" आणि सगळं गुऱ्हाळ हसलं. तीसुद्धा. साहेबांनी हातातलं पान चिपाडावर ठेवून दिलं. गूळ त्यांनी खाल्ला नाही, आणि त्या दिवशी दत्तूबा त्याबद्दल काही बोलला नाही.

जाताना ते माझ्याजवळ आले. "ठराव मांडतो," म्हणाले. "शब्द दिलाय."

"सायेब, आता तुमचं तोंड," मी म्हटलं.

"माझं? मी काय मिश्री लावतो?"

"तंबाखू तीच की. आमची भाजल्याली, तुमची कच्ची."

लुगड्याआडून बायका खिदळल्या. साहेबही हसले, पण हसताना त्यांनी ओठांवर हात धरला. "पुढच्या खेपेला," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

माणूस शब्दाचा पक्का निघाला. ठराव झाला, खोली मिळाली. पहिल्या बाजारादिवशी मी पहाटेच जाऊन दाराशी बसले. मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, कोंबड्यांच्या पाट्या ह्यांच्यामधून बायका पिशव्या सांभाळत येत होत्या, दाराबाहेर चूळ भरत होत्या आणि आत जात होत्या. चूळ भरायचा हंडा आणि मीठ मी स्वतः ठेवलं होतं. तेवढा धडा आम्हाला मिळाला होता. कबनूरकडच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बाया आल्या, पन्हाळ्याच्या उतारावरच्या आल्या. बाईंना म्हटलं, "आता बघा किती वर्सं बघायचं ते." माझा चट्टा हळूहळू विरत गेला. तो पुरता गेला त्या दिवशी बाईंनी आरसा धरून मला माझा गाल दाखवला. त्यांचा चेहरा बघून कुणालाही वाटलं असतं, त्यांच्याच पोरीचा पहिला नंबर आलाय. "आता 'बहुतेक' काढू का?" मी विचारलं. "अजून नाही," म्हणाल्या, "पण काढता येईल असं दिसतंय." मी घरापर्यंत उड्या मारत जायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

थोरलीला मुंबईला नेलं. जबड्याचा एक भाग काढला, मग कॅन्सर जाळायची लाईट दिली. तिथं तिचे फार हाल झाले. ती परत आली तेव्हा एक गाल आत गेला होता आणि बोलणं निम्मं कळायचं. भांडताना मात्र पूर्ण कळायचं. तिची डबी तिनं स्वतःच्या हातानं काहिलीखालच्या जाळात टाकली, आणि दत्तूबा पुन्हा गुळाच्या नावानं बोंबलला.

आता पानाच्या टपरीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकतात, आणि मिश्री बाटलीत भरून विकतात. भाजायचे कष्टही राहिले नाहीत. नातवाच्या खिशात पुडी सापडली तेव्हा मी भर चौकात त्याचं तोंड उघडून बघितलं. चिडला. चिडू दे.

सभापतीसाहेब त्या खोलीवरून दर बाजारी जायचे. गाडी थांबवून विचारायचे, "काय पुढारीणबाई, किती आल्या?" मी म्हणायचे, "तुमीच ऱ्हायलाय." हात हलवून पुढं जायचे. आत कधी आले नाहीत. काही वर्षांनी ते गेले, तोंडाच्या कॅन्सरनं. हजराभाभी म्हातारी होऊन गेली, झोपेत.

थोरली जगली. आत्ता परसात उन्हाला बसली आहे आणि रश्श्यात तिखट कमी पडलं म्हणून सुनेवर ओरडते आहे.